पाठीतलं बटण

मित्रांनो, मी एक जुना गेम कन्सोल आहे आणि खरं सांगायचं तर जन्माचा मंद. आमच्याकडच्या टीव्हीवर चित्र सेकंदाला पन्नास वेळा उमटायचं, काही देशांत साठ वेळा. कारखान्यात मला पन्नासचा ताल शिकवला गेला. तोच गेम माझे साठवाले भाऊ माझ्याआधी संपवून मोकळे होत. म्हणून आमच्यासाठीच्या काही गेममध्ये बनवणारेच धावणाऱ्याला जास्त वेग देत. त्यामुळे माझं मंदपण बरंचसं झाकलं जाई.

असाच एक गेम ताईचा लाडका होता. ताई कपडे शिवते. शिवणयंत्रावरून उठली की ती माझ्यासमोर बसे. तो गेम सर्वांत कमी वेळात संपवायचा आणि जगभरच्या खेळाडूंच्या यादीत पहिलं यायचं, असा तिला ध्यास लागला होता. दर वेळी थोडक्यात हुकायचं. तिचा हिरमुसलेला चेहरा पाहून मला माझीच लाज वाटे.

तिचा धाकटा भाऊ टीव्ही दुरुस्त करतो. त्याला सगळे स्क्रू म्हणतात. ताईचं तोंड पडलेलं त्याला पाहवेना. साफ करतो म्हणून तो मला दुकानात घेऊन गेला आणि माझ्या पाठीत एक छोटं बटण बसवून आला. आता मी साठवर धावू लागलो. काय सांगू, अंगात वारंच शिरलं!

ताई खेळली आणि पहिल्या नंबरलाही मागे टाकून गेली. आनंदाच्या भरात तिने खुर्ची पाडली. यादी ठेवणाऱ्यांना खेळाचं चित्रण पाठवण्याआधी ते पाहायला बसली, तेव्हा मात्र तिचा ठेका धरणारा पाय थांबला. गेममधलं गाणं घाईत होतं.

"स्क्रू, याचं काय केलंस?"

"काही नाही गं. धूळ काढली."

"धूळ काढून कोणी तरुण होतं का रे?"

चोराच्या मनात चांदणं. त्याची नजर आपोआप माझ्या पाठीकडे गेली.

"अगं, बाहेर कितीतरी जण साठवरच खेळतात."

"त्यांचा गेम साठसाठीच बनलाय. आपल्या गेममधला गडी आधीच जास्त पळवलेला, वर तुझं बटण. म्हणजे दोनदा फायदा. नियमात बसत नाही."

"पण कोणाला कळणार आहे?"

"मला कळलं ना."

तिने चित्रण पुसून टाकलं. मला फार वाईट वाटलं, मित्रांनो. आयुष्यात एकदाच तर मी जिंकलो होतो. स्क्रूने खाली मान घालून बटण काढलं. मग जिवाचं रान करून ताई पन्नासवर खेळत राहिली आणि यादीत दुसरी आली.

"गप्प बसली असतीस तर पहिली असतीस," स्क्रू पुटपुटला.

"मी कुठली? तुझं बटण पहिलं आलं असतं," असं म्हणत ताईने एका चिंधीने माझी पाठ पुसली.

तिथे आता एक बुजवलेलं भोक आहे. मित्रांनो, आम्हा जुन्या यंत्रांना जरूर उघडा, दुरुस्त करा. पण आमचा ताल बदललात तर आमच्या माणसाला सांगा. मी अजूनही मंदच आहे. पण यादीत ताईच्या नावापुढे जी वेळ लिहिली आहे, ती आम्हा दोघांची आहे.