रेडिओचा कान

"अरे, दाबायचं नाही रे, नुसतं टेकवायचं," ओस्ता म्हणाली. "बोट असं टेकवलं की झालं. बघ."

तिने टेकवलं. गाडीतल्या नव्याकोऱ्या स्टिरिओच्या काचेवर चित्र हललं आणि बातम्या जाऊन अकॉर्डियन वाजू लागलं. शेजारी बसलेल्या तिच्या नवऱ्याने, ओडमुनने, डाव्या हाताचा अंगठा उचलला आणि नीट नेम धरून त्याच जागी टेकवला. काही झालं नाही. त्याने पुन्हा टेकवला, मग दाबला, मग घासून पाहिला. काच आपली ढिम्म. एव्हाना रांगेतल्या पुढच्या गाड्या फेरीबोटीत चढल्या होत्या आणि मागचा माणूस हॉर्न न वाजवता ताटकळत होता. ओस्ताने गाडी पुढे घेतली. ओडमुनने अंगठा डोळ्यांसमोर धरून उलटसुलट पाहिला आणि हात मांडीवर ठेवून दिला.

याच फेरीबोटीचं इंजिन त्याने जन्मभर सांभाळलं होतं. काही वर्षांपूर्वी त्याला झटका आला, उजवं अंग लुळं पडलं आणि वाचा गेली. उरले ते दोनच शब्द, "हो, हो." ज्या माणसाने बायकोच्या एकाही बोलण्याला कधी सरळ हो म्हटलं नाही, त्याच्या तोंडी देवाने नेमका हाच शब्द ठेवावा, याचं ओस्ताला आधी हसू आलं आणि मग कितीतरी दिवस रडू आलं. घरी नगरपालिकेच्या बायका येऊन त्याला अंघोळ घालत, कपडे चढवत, लहान मुलाशी बोलावं तसं गोड बोलत. तोही मुकाट्याने हो, हो म्हणत असे.

गाडीत मात्र तो जुना ओडमुन होता. व्होल्वो त्यांची म्हातारी झालेली, पण खणखणीत. ओस्ता स्टिअरिंगवर, तो तिच्या उजवीकडे आणि दोघांच्या मध्ये रेडिओ, म्हणजे नेमका त्याच्या चालत्या हाताशी. त्या रेडिओला दोन गोल बटणं होती, एक आवाजाचं आणि एक स्टेशनचं. ओस्ताने तिच्या बहिणीचं, बोरगिलचं, कौतुक सुरू केलं रे केलं की ओडमुन आवाजाचा कान पिळायचा. रविवारी तिने प्रार्थना लावली की दुसरा कान पिळून नाचाची गाणी लावायचा.

"मेल्या, देव ऐकतोय वर!" ती ओरडायची.

"हो, हो," म्हणत तो आवाज आणखी वाढवायचा. आणि एखाद्या दिवशी ती खरंच थकून गप्प बसली, तर तो आवाज हळूहळू कमी करत न्यायचा. म्हणजे त्याला विचारायचं असायचं, काय झालं. मग ती सांगायची. त्या दोघांचं बोलणं तेवढंच उरलं होतं, भांडणही तेवढंच. हे ओस्ताने कुणाला सांगितलं नव्हतं. सांगणार तरी काय?

त्या फेब्रुवारीत त्यांच्या भागातलं रेडिओचं जुनं प्रक्षेपण बंद होऊन नवं डिजिटल सुरू झालं. तशी सगळ्या देशाला आधीपासून सूचना होती. गाडीतल्या रेडिओवर खरखर राहिली आणि गावातल्या बिंगोचं एक स्टेशन. ओडमुन त्या खरखरीत तासन्‌तास कान पिळत बसे, हरवलेलं काहीतरी चाचपडत शोधावं तसा. ते बघवेना म्हणून ओस्ताने फिऑर्डच्या, म्हणजे डोंगरांत शिरलेल्या खाडीच्या, पलीकडच्या दुकानात जाऊन त्यांच्याकडचा सर्वांत भारी स्टिरिओ बसवून घेतला. मोठी काच, मोठी चित्रं. त्याला दिसायला सोपं. जुना रेडिओ तिथल्याच भंगाराच्या पिंजऱ्यात टाकला. सगळेच टाकतात, तो नियमच आहे. घरी येताना ती स्वतःवर फार खूश होती.

आता महिना होत आला होता आणि आज ते पुन्हा त्याच दुकानात निघाले होते.

स्टिरिओ बसवणाऱ्या यार्लेने गाडीच्या खिडकीतून ओडमुनचा अंगठा हातात घेऊन पाहिला. यार्ले पन्नाशीचा, त्याचेही हात कामाने काळे झालेले. "काकू, या काचेला मऊ, ओलसर कातडी लागते. काकांचा अंगठा म्हणजे बुटाचा तळवा. इंजिनावरच्या माणसांचं होतं असं. क्रीम चोळून बघितलं?"

"चोळलं ना. तर काचेवरचं सगळं पोलिश भाषेत झालं. शेजाऱ्याला बोलवून परत नॉर्वेजियन करून घेतलं." ती गाडीपासून जरा बाजूला झाली. "यार्ले, आमचा जुनाच बसवून दे."

"त्याच्यावर काही लागणार नाही, काकू."

"बिंगो लागेल. खरखर लागेल. आवाज लहानमोठा होईल, तेवढं पुरे मला. तो त्याच्या हाताला ठाऊक आहे रे."

यार्लेने मान खाजवली. भिंतीशी जाळीचा उंच पिंजरा होता, गावोगावच्या जुन्या रेडिओंनी गच्च भरलेला. ओस्ता जाऊन वाकली आणि तिला आपला दिसला, मधल्या थरात, आडवा पडलेला. आवाजाच्या बटणावरचा लाल ठिपका तिनेच नेलपॉलिशने काढला होता.

"तो बघ! आमचाच तो."

"होता," यार्ले म्हणाला आणि म्हटल्यावर त्यालाच कसंतरी झालं. "आत टाकलेलं बाहेर काढायचं नाही, असा नियम आहे. कुलपाची किल्लीसुद्धा भंगार उचलून नेणाऱ्या लोकांकडे असते. माझं चाललं असतं, तर मी काय तुम्हाला नाही म्हटलं असतं?"

"माहीत आहे मला," ओस्ता म्हणाली.

तिचं सगळं आयुष्य पोस्टाच्या खिडकीमागे गेलं होतं. चिठ्ठी नसेल तर तिने सख्ख्या भावालाही पार्सल दिलं नव्हतं आणि ती गोष्ट ती नाताळच्या जेवणात अभिमानाने सांगत असे. तरी आता तिने जाळीतून बोटं घालून पाहिली. पोचली नाहीत. यार्लेने तेवढ्यापुरतं दुसरीकडे पाहिलं.

मग त्यानेच कुठल्यातरी फळीवरून एक साधा स्टिरिओ शोधून काढला. नवीन प्रक्षेपणाचा, पण गोल बटणं असलेला. "घ्या, याला कान आहेत," असं म्हणत त्याने काच उपसून काढली आणि तो बसवून दिला. ओडमुन जागेवरून सगळं पाहत होता.

गावाबाहेर पडताच ओस्ता म्हणाली, "हं, पिळ आता. हवा तेवढा पिळ."

ओडमुन पुढे बघत राहिला.

"अरे, दोष त्या काचेचा होता. तुझ्या हाताला काही झालेलं नाही. यार्लेच म्हणाला की."

"हो, हो." नगरपालिकेच्या बायकांना म्हणतो, तसंच म्हणाला.

ओस्ताने मग बोरगिल काढली. बोरगिलचे पडदे, बोरगिलचा केक, बोरगिलचा जावई किती गुणी. ती बोलत राहिली, मुद्दाम चढ्या आवाजात, स्वतःलाच कंटाळा येईस्तोवर. ओडमुनने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण असं शहाण्यासारखं त्याने तिचं कधी ऐकलं नव्हतं.

तिने गाडी कडेला घेतली. त्याचा डावा हात उचलून बटणावर ठेवला, वर आपला ठेवला आणि पिळला. अकॉर्डियनने गाडी भरून गेली. "बघ! बघ ना!" तिने हात काढला, तसा त्याचाही घसरून मांडीवर आला. ओडमुन पाहत होता तो तिच्या हाताकडे.

तेव्हा तिला कळलं. महिनाभर ती त्याला टेकव रे, नुसतं टेकव म्हणत राहिली होती. तिला जमत होतं, त्याला जमत नव्हतं, आणि काच चुकते हे त्याला कुणी पहिल्या दिवशी सांगितलंच नव्हतं. त्याने आपल्या मनाशी ठरवून टाकलं होतं की हा हातही गेला. रेडिओ बदलता येतो. हे आता कशाने बदलायचं?

परतीच्या फेरीबोटीवर उपाहारगृहातली बाई आपणहून गाडीपाशी आली. ओडमुनला तिथे सगळे ओळखत. तिच्या हातात कागदात गुंडाळलेला स्वेला होता, फेरीबोटीवर मिळणारं जाड, गोड घावन. "लोणी जास्त लावलंय बरं का, मुख्य इंजिनवाल्यांसाठी," ती हसून म्हणाली आणि पुढच्या गाडीकडे गेली.

घरचं काही असो, स्वेला ओडमुन स्वतःच्या हाताने खायचा. लोणी कोपरापर्यंत ओघळायचं आणि पुसायला गेलं तर तो हात झटकायचा. ओस्ताने कागद उलगडून घावन त्याच्या डाव्या हातापुढे धरलं. धरून ठेवलं. खाली इंजिन सुरू झालं, गाडीची काच थरथरली. त्याने घावनाकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं, आणि हात न हलवता तोंड उघडलं.

ओस्ताने एक तुकडा मोडला, त्यावर फुंकर घातली आणि त्याच्या तोंडात ठेवला.

"गरम आहे का रे फार?"

"हो, हो," ओडमुन म्हणाला आणि पुढच्या घासासाठी पुन्हा तोंड उघडलं.