मॅलॅकीचं मिनिट

मोज्यांचा कारखाना बंद पडल्यापासून मी चर्चच्या हॉलमध्ये मदत केंद्र चालवते. मदत म्हणजे काय, तर चहा करायचा, बिस्किटं मांडायची आणि कॉम्प्युटर शिकवायला डब्लिनहून येणाऱ्या त्या तरुण बाईंना सांगायचं, "आज पाऊस आहे ना, म्हणून कुणी आलं नाही." आमच्या किलगारा गावात पाऊस रोजचाच. लोक येत नव्हते, कारण कारखाना पुन्हा सुरू होईल असं त्यांना वाटत होतं. दुसरी कंपनी येतेय म्हणून मोठे साहेब सांगून गेले होते, आणि मीही तेच घरोघर सांगत फिरत होते. रडणाऱ्या माणसाला दुसरं काय सांगायचं? पण खरं सांगते, मला त्याचा वीट आला होता.

त्यातच मॅलॅकी टायर्नी गेला. आमचा फिटर. मशिनं बिघडली की तो दुरुस्त करायचा, आणि आणखी एक काम त्याच्याकडे होतं. कारखान्यातलं कुणी वारलं की शववाहिका दफनभूमीकडे जाताना फाटकासमोर थांबायची. ती थांबली की मॅलॅकी मोठा खटका खाली ओढायचा. एवढी सगळी धडधड एकदम बंद. सगळं गाव गप्प. मग तो खटका वर करायचा, मशिनं पुन्हा सुरू व्हायची आणि गाडी पुढे निघायची. एक मिनिट म्हणायचे त्याला, पण घड्याळ कुणी बघत नसे. मॅलॅकीच्या हाताला कळायचं.

त्याला घरी बाहेरच्या खोलीत अंत्यदर्शनासाठी ठेवलं होतं, चांगल्या सुटात. माणसांची रीघ लागली होती. मी स्वयंपाकघरात सँडविचं कापत होते, तर त्याची बायको रोझलीन जवळ येऊन उभी राहिली.

"डिंफ्ना, त्याला त्याचं मिनिट मिळायला हवं."

"अगं, मशिनं कधीच बोटीत घालून नेली मालकांनी. आता थांबवायचं काय, आतली कबुतरं?" मी बोलून गेले आणि जीभ चावली.

ती हसली नाही, रडलीही नाही. "त्यानं सगळ्यांसाठी खटका ओढला. माझ्या आईसाठीसुद्धा. त्याच्याच वेळी गाडी तशीच पुढे गेली ना, तर मला या गावात तोंड वर करून चालता यायचं नाही. सगळ्यांना कारखान्याचे निळे कोट घालून फाटकावर आण. एवढंच कर माझ्यासाठी."

एवढंच, म्हणे! बंद पडल्या दिवसापासून अर्धं गाव उरलेल्या अर्ध्याशी बोलत नव्हतं. काहींनी मिळेल ती भरपाई घेऊन गुपचूप सही केली होती, काही अख्खा हिवाळा फाटकावर बसून राहिले होते. मी दारोदार फिरले. पाय दुखून आले. पॅकी गॉर्मली अंगणात कोंबड्यांना दाणे टाकत होता.

"कोट? अगं, तो घालून मी खुराडं रंगवलं."

"मग रंगासकट ये."

"आणि तो सही करून मोकळा झालेला हॅन्ली येणार असेल तर?"

"तर लांब उभा राहा, पॅकी. मॅलॅकी काही अंतर मोजायला उठणार नाही."

आले बाबा सगळे. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना निळे कोट. कुणाची बटणं पोटावर लागत नव्हती. पॅकीच्या कोटावर हिरवे डाग, आणि जागा उरली नाही म्हणून तो नेमका हॅन्लीच्या शेजारी. ते बघून मला जरा बरं वाटलं. निदान रोझलीनला दिलेला शब्द तरी पाळला गेला.

शववाहिका आली. साखळी घातलेल्या फाटकासमोर थांबली. गाडीवाल्या कॉर्मकनं खाली उतरून टोपी काढली. सगळे गप्प झाले. म्हणजे गप्प होतंच सगळं, आम्ही फक्त बोलायचं थांबलो.

उभे राहिलो. पाऊस कॉलरमधून आत जात होता. मिनिट झालं असेल, मग आणखी एक. कुणी हलेना. फादरनी खाकरून बघितलं. कॉर्मक माझ्याकडे बघू लागला, मी फाटकाकडे. आणि मग माझ्या लक्षात आलं, सगळ्यांच्याच नजरा कारखान्याच्या खिडक्यांवर होत्या. माझेही कान तिकडेच लागले होते. दोन दिवस आम्ही थांबायचं कसं याचाच घोर लावून घेतला होता. निघायचं कसं, हे एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं.

रोझलीन गाडीतून उतरून माझ्याजवळ आली.

"कशाची वाट बघतोय गं आपण?"

"मशिनं सुरू व्हायची," मी म्हटलं.

तिनं फाटकाकडे पाहिलं, मग माझा हात धरला. "मग सांग ना त्यांना. तुझं ऐकतात ते."

इतके महिने जे तोंडातून निघालं नव्हतं, ते मी भर रस्त्यात, शवपेटीसमोर, फाटक्या आवाजात बोलले. "मशिनं आता सुरू व्हायची नाहीत. दुसरं कुणी येणार नाही. चला, मॅलॅकीला नेऊ या."

कॉर्मकनं टोपी घातली. गाडी हलली आणि निळे कोट तिच्यामागून चालू लागले. हॅन्ली हुंदके देत होता. पॅकीनं खिशातून रुमाल काढून त्याच्या हातात कोंबला. "बाहीला नाक पुसू नकोस. तुझा तरी कोट स्वच्छ आहे."

सोमवारी नेहमीसारखाच पाऊस. मी लहान किटली चढवली, आणि बघते तर दारात माणसं. छत्र्या झटकत आत येत होती. खुर्च्या कमी पडल्या. पॅकी कॉम्प्युटरसमोर बसून म्हणाला, "बाई, हे कुठून चालू करायचं?" डब्लिनच्या बाईंना कोण आनंद! "आज पाऊस असूनही आले की सगळे!" त्या मला म्हणाल्या.

मलाही आनंद व्हायला हवा होता. मी मोठी किटली काढायला आत गेले आणि ती हातात धरून तशीच उभी राहिले. इतक्या महिन्यांचं रडू एकदम आलं, थांबेचना. मागून कुणीतरी किटली काढून घेतली. रोझलीन होती, अजून काळ्या कपड्यांत.

"सरक," ती म्हणाली. "तू बस जरा. आज चहा मी करते."