‘आता आटोपा’ म्हणणारी पाटी

मी एक जुनी पाटी आहे. शाळेतली नव्हे हो, टीव्हीतली! माझ्या एका अंगावर लिहिलंय ‘एक मिनिट’ आणि दुसऱ्या अंगावर ‘आता आटोपा’. आमच्या बेटाच्या राजधानीत, आपियात, दर गुरुवारी संध्याकाळी सात वाजता ‘गुरुवारची बैठक’ हा कार्यक्रम थेट दाखवतात. एका पुढाऱ्याला बोलवायचं, प्रश्न विचारायचे, मग चर्चा. सगळा अठ्ठावीस मिनिटांचा खेळ, आणि त्यात पाहुण्याला गप्प करायचं काम माझ्याकडे होतं! केवढा मोठा मान, नाही का? पण मित्रांनो, पहिल्या एकोणीस वर्षांत माझं कुणी ऐकलं असेल तर शपथ.

जन्मानं मी बिस्किटांच्या खोक्याचं झाकण. मोएआओकाकांनी मला कोयत्यानं कापलं, नीरफणसाच्या फांदीचा दांडा लावला आणि काळ्या शाईनं ठसठशीत अक्षरं काढली. काका स्टुडिओत वेळ सांभाळायचे. कॅमेऱ्याखाली उकिडवं बसायचं आणि वेळ संपत आली की मला वर धरायचं. पाहुण्यासमोरून जावं लागलं तर कमरेत वाकून, हळूच “तुलोउ, तुलोउ” म्हणजे क्षमा असावी, क्षमा असावी म्हणत जायचे. स्टुडिओत त्यांचा एवढाच आवाज. पण शनिवारी त्यांच्या गावी जाऊन बघा! तिथं ते गावाचे वक्ते, गावाच्या वतीनं मान देणारे आणि घेणारे. उंच काठी टेकून, खांद्यावर काथ्याची चवरी टाकून उभे राहिले की खाडीतल्या होड्यांनाही त्यांचं भाषण ऐकू जायचं म्हणे.

आता तुम्ही म्हणाल, ‘आटोपा’ लिहिलेलं दिसतं, मग पाहुणे आटोपत का नाहीत? अहो, आमचे पाहुणे म्हणजे मताई, घराण्यांचे प्रमुख! मताईला पुठ्ठा दाखवून कुणी गप्प केलंय का कधी? ते माझ्याकडे बघून प्रेमानं हसायचे आणि पुढं चालू. मला इतका संताप यायचा, सांगते!

त्यातले सगळ्यात प्रेमळ हसणारे म्हणजे पाणीखात्याचे मंत्री, सेउआमातु. निवडणूक दोन महिन्यांवर आली होती, त्यामुळे बोलावलं की साहेब हौसेनं हजर. त्याच सुमाराला आमच्या लानुओलाला एक पत्र आलं. लानुओला म्हणजे प्रश्न विचारणारी, पंचविशीतली, चुणचुणीत पोरगी. पत्र होतं फालेओने गावच्या मुख्याध्यापिका सिएनीबाईंचं. ‘आमच्या पाणीयोजनेचं उद्घाटन होऊन अकरा महिने झाले. नळाला अजून थेंब नाही. पोरं हंडे घेऊन डोंगरापलीकडं जातात आणि वर्गात येऊन झोपतात. या महिनाअखेरीपर्यंत पाणी आलं नाही तर शाळा बंद करा, असा वरून हुकूम आहे. तेवढं मंत्र्यांना विचाराल का?’

का नाही विचारणार? लानुओलानं पत्र खिशातच ठेवलं.

पहिला गुरुवार. साहेब बसले, गळ्यातला फुलांचा हार नीट केला आणि मानवंदना सुरू केली. आधी देवाला. मग राजघराण्यांना. मग जिल्हे, गावं, प्रत्येक गावचे मताई, त्यांच्या पदव्या, चर्चचे पाद्री, पाद्र्यांच्या बायका! आमच्याकडे मानवंदना मध्येच तोडणं म्हणजे महापाप. काकांनी मला वर धरलं, खाली घेतलं, पुन्हा वर धरलं. साहेबांचं गुऱ्हाळ सव्वीस मिनिटं चाललं. उरलेल्या दोनात त्यांनी सगळ्यांना आशीर्वाद दिला. लानुओलाचा प्रश्न तोंडातच राहिला.

दुसऱ्या गुरुवारी पोरीनं घाई केली. साहेबांनी घसा खाकरला तोच म्हणाली, “साहेब, आज थेट मुद्द्यावरच येऊ या.”

झालं! फोन नुसते खणखणायला लागले. “ही कुणाची कार्टी? आमच्या गावाचं नाव घ्यायच्या आधीच मुद्दा?” वाहिनीच्या मालकांनी घाम पुसत कार्यक्रम थांबवला आणि उरलेला वेळ देशाची माफी मागण्यात गेला. लानुओला मेकअपच्या खोलीत ढसाढसा रडली.

“काका, माझं चुकलंच. पण अकरा दिवसांनी, सोमवारी महिना संपतो हो! शाळा बंद होणार.”

“रडू नकोस, पोरी. दार ढकलून उघडत नसेल तर कडी कुठंय ते बघावं,” काका म्हणाले. “पुढच्या गुरुवारी साहेबांना तासभर आधी बोलाव. चांगलं साग्रसंगीत स्वागत करू म्हणावं.”

तिसऱ्या गुरुवारी सहा वाजता काय पाहिलं मी! मला स्टुडिओच्या अंगणात भिंतीला टेकवून ठेवलं होतं आणि समोर काका, हातात काठी, खांद्यावर चवरी! ते माझे काकाच आहेत यावर माझा विश्वास बसेना. काय आवाज, काय थाट! टॅक्सीवाले गाड्या सोडून धावत आले. साहेब तर खूश होऊन गेले. त्यांनीही उत्तरादाखल पुरी मानवंदना दिली, एकही गाव सोडलं नाही. आवाचा, म्हणजे आमच्या मुळीच्या पेयाचा, मानाचा कटोरा रिकामा झाला, टाळ्या झाल्या. काकांनी सगळ्यांदेखत सांगितलं, “मान पुरा झाला. गावानं स्वीकारला.”

सात वाजले. लाल दिवा लागला. आणि काय सांगू मित्रांनो, साहेबांनी हार नीट केला आणि पुन्हा सुरू! “सर्वप्रथम त्या आकाशातल्या पित्याला...”

लानुओलानं काकांकडे पाहिलं. मागच्या गुरुवारची धडकी होतीच ना! मी काकांच्या हातात तयारच होते. धरा मला वर, म्हटलं, धरा एकदाचं! पण काकांनी मला फरशीवर पालथं ठेवलं आणि ते उभे राहिले. कॅमेऱ्यासमोर! एकोणीस वर्षांत पहिल्यांदा!

“क्षमा असावी, सरदार,” ते म्हणाले. “देवाला वंदन झालं. घराण्यांचा मान झाला, गावांचा झाला. तासापूर्वी अंगणात आपण तो आपल्या मुखानं पुरा केलात आणि मी पुरा झाला म्हणून स्वीकारला. आता पुन्हा सुरू केलात तर मघाशी कुणाचा तरी मान उणा राहिला असं ठरेल. कुणाचा राहिला, सरदार? तेवढं नाव सांगा.”

साहेबांनी नाव घ्यावं तरी पंचाईत, न घ्यावं तरी पंचाईत! एकही फोन वाजला नाही. काका वाकून “तुलोउ” म्हणाले आणि गुपचूप माझ्याशेजारी येऊन बसले.

आता लानुओलानं पत्र काढलं. “साहेब, फालेओनेच्या शाळेला पाणी कधी मिळणार?”

“बेटी, ती योजना तर कधीच पूर्ण झाली!”

“मग नळ कोरडा का?”

आणि मग मित्रांनो, ती गोष्ट घडली. साहेब मला शोधायला लागले! काकांच्या हातात बघितलं, कॅमेऱ्याखाली बघितलं, खुर्चीवरून वाकून बघितलं. जन्मात पहिल्यांदा कुणाला तरी मी हवी होते, आणि मी पालथी पडले होते. आनंदानं मला वेड लागायचं बाकी होतं.

“अहो, ती पाटी कुठंय?” साहेब म्हणाले. “वेळ संपली असेल.”

“छे छे,” काका म्हणाले. “भरपूर आहे. पंचवीस मिनिटं.”

साहेबांनी कपाळ पुसलं, हार काढून मांडीवर ठेवला.

“पाइप बंदरावरच पडलेत,” ते हळूच म्हणाले. “येतीलच म्हणून मी फीत कापून टाकली. मग सांगायची लाज वाटली.”

“सोमवारी शाळा उघडणार का, साहेब?”

“उघडेल. टँकर मी स्वतः घेऊन जाईन.”

“किती वाजता?”

“सातला.”

“फक्त सोमवारी?”

“नळ येईपर्यंत रोज गं बाई, रोज!”

पुढं पाइप कधी हलणार, कोण हलवणार, यावर खरीखुरी चर्चा झाली. शेवटी काकांनी मला उचललं. साहेबांनी ‘एक मिनिट’ वाचलं आणि हुश्श केलं. मग काकांनी मला उलटवलं. आणि सांगते काय, साहेब त्याच क्षणी आटोपले! अर्धं वाक्य तोंडात होतं, तेही गिळून टाकलं.

सोमवारी सातला टँकर गेला. सिएनीबाईंचा फोन आला तेव्हा मागं पोरांचा एवढा कालवा होता की लानुओलाला काही ऐकूच येईना, तरी ती फोन सोडेना. नळ यायला पुढं पाच आठवडे लागले. त्या गुरुवारी बाई स्वतः बसनं आल्या, हातात बाटली. काकांनी प्यायलं, लानुओलानं प्यायलं, आणि हसता हसता बाटली कलंडून थोडं माझ्यावर सांडलं. माझ्या शेवटच्या अक्षराची शाई खाली ओघळली.

आता काका घरी असतात. स्टुडिओत लाल आकड्यांचं घड्याळ आलंय आणि मी खिळ्याला टांगलेली असते. परवा साफसफाईला आलेली मुलगी म्हणाली, “किती घाणेरडा डाग हा! वरून नवी शाई फिरवते, नाहीतर फेकून देते.”

मित्रांनो, तुम्ही कधी आलात तर माझ्यावरची धूळ जरूर पुसा, पण कोरड्या फडक्यानं. त्या डागाला मात्र हात लावू नका. ते फालेओनेच्या नळाचं पाणी आहे.