चवदशीची झुकिनी

झुकिनी आमच्या लोणखेड्यात कोणी मागितली नव्हती. माझा भाऊ नवनीत सुरतेच्या एका व्यापाऱ्याच्या नादी लागला आणि पपईच्या जागी अर्धा एकर झुकिनी लावून बसला. आई तिला ‘इंग्रजी गिलकं’ म्हणते. चवीला काही नाही म्हणून भाजीत तिखट दुप्पट टाकते, आणि मग सगळ्यांना ठसका लागला की झुकिनीलाच शिव्या घालते. या भाजीला एक वाईट खोड आहे. ती रोज तोडावी लागते. एक दिवस कंटाळा केला की दुसऱ्या दिवशी ती मनगटाएवढी फुगते, आणि फुगलेली झुकिनी व्यापारी घेत नाही. मग ती पाटीभर घरी येते.

अशा परत आलेल्या झुकिनीचे मफिन करायचं शिखाला सुचलं. शिखा म्हणजे नवनीतची बायको, शहाद्याच्या हुकमीचंद शेठची मुलगी. शेठचं कापडाचं दुकान आहे आणि आमच्या घरातल्या निम्म्या साड्या तिथल्याच. पण साड्या विकणं वेगळं आणि मुलगी देणं वेगळं. पाटलाच्या पोराशी लग्न केलं म्हणून शेठनी मुलीचं नाव टाकलं. तीन वर्षांत त्या घरातून आमच्याकडे कोणी आलं नाही. शिखाची वहिनी अल्पना तेवढी चोरून फोन करायची.

मी रूपाली, नवनीतची थोरली बहीण. शाळेत शिकवते, लग्न केलेलं नाही, त्यामुळे घरातल्या प्रत्येकाच्या भानगडीत तोंड घालायचा मला हक्क आहे असं मी मानते. शिखाशी माझं चांगलं जमतं. तोंडाने फटकळ आहे, पण मीही काही देवमाणूस नाही.

त्या पौषात अल्पनाचा फोन आला. सासरे लग्नाला राजस्थानात गेलेत, मम्मी उद्या दुपारी लोणखेड्याला यायचं म्हणतायत. फोन ठेवल्यावर शिखा ओट्याला टेकली. मग म्हणाली, “ताई, मम्मीने माझ्या हातचा एक घास या घरात खाल्ला ना, की मी समजेन माझं लग्न झालं.”

ती हे हसत म्हणाली, पण मला ते हसण्यावारी नेता आलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून तिने स्वयंपाकघर डोक्यावर घेतलं. प्यारीबाई, म्हणजे शिखाची आई, जैन धर्माच्या फार पक्क्या. कांदा-लसूण नाही, बटाटा नाही, सूर्य मावळला की पाणीसुद्धा नाही. आणि वासी, म्हणजे शिळं, नाही. खाकरा, पापड असलं कोरडं चालतं, पण ज्यात ओल आहे ते रात्र ओलांडली की त्यांच्यासाठी संपलं. शिखाला हे सगळं पाठ होतं. तिने नवीन भांडी काढली. कणीक तीनदा चाळली. प्यायचं पाणी उकळून कळशीत गार करत ठेवलं. अंड्याच्या जागी ताजं दही घेतलं. झुकिनी किसली, पंच्यात घालून पिळली, आणि ते हिरवट पाणी बघून आई म्हणाली, “इतलं पानी निंघनं, आते ह्यामा काय ऱ्हायनं?”

“चव राहिली आई,” शिखा म्हणाली.

“ती पयलेबी नव्हती,” आई म्हणाली.

गूळ, तूप, वेलदोडा. साच्यात कागदी वाट्या मांडल्या आणि नवनीतने वाढदिवसाला दिलेल्या ओव्हनसमोर ती स्टूल टाकून बसली. खरपूस वास घरभर पसरला तेव्हा आईनेही दोनदा डोकावून पाहिलं. मफिन टम्म फुगून आले होते, वरून लालसर, आणि फोडला की आत किसाचे हिरवे धागे. मी एक खाल्ला. एवढ्या बिनचवीच्या भाजीचं असं काही होऊ शकतं यावर माझा विश्वास बसेना.

अल्पनाने स्कूटीवरून प्यारीबाईंना गल्लीच्या तोंडाशी सोडलं आणि ती पुढे गेली. दुकानात आई त्यांना कायम ‘शेठानी’ म्हणायची. त्या दिवशी दारात विहिणीच्या नात्याने म्हणाली, “या याहीन, बठा.” प्यारीबाई एक क्षण थबकल्या, मग डोक्यावरचा पदर सारखा करून आत आल्या. त्या आल्या आणि शिखाकडे न बघता आधी घराकडे बघत राहिल्या. देव, भिंती, ओटा, खिडकीतली तुळस. मग मुलीचा हात हातात घेतला आणि तो सोडलाच नाही. बराच वेळ दोघी मारवाडीत हळूहळू बोलत होत्या. मला अर्धं कळत होतं, उरलेलं कळून घ्यायची गरज नव्हती.

शिखा ताटली घेऊन आली. दोन मफिन, बाजूला उकळलेलं पाणी. “मम्मी, अंडं नाही, सगळं तुझ्या नियमातलं. सूर्य मावळायला अजून वेळ आहे. खा.”

प्यारीबाईंनी मफिन उचलला, वास घेतला, आणि खरंच खूश होऊन फोडला. हिरवे धागे दिसले तसा त्यांचा हात थांबला. “ह्यामा काय शे?” त्यांनी आईकडे बघत विचारलं. दुकानात बसून बसून त्यांची अहिराणी आमच्याहून चांगली.

“आमना वावरनी झुकिनी,” आई कौतुकाने म्हणाली.

प्यारीबाईंनी दोन्ही अर्धे पुन्हा जुळवून ताटलीत ठेवले. “मन्हं पोट भरेल शे, बेन. मी घर लई जास, सकाय खासू.” त्यांनी पर्समधून रुमाल काढला आणि तो फोडलेला मफिन त्यात बांधला.

शिखाचा चेहरा मला दिसत होता. त्या दोघी आपसात मारवाडी बोलायच्या, पण आता ती मराठीत बोलली. आम्हाला ऐकू जावं म्हणूनच बोलली.

“उद्या तू हे खाणार? वासी? मम्मी, कोणाला शिकवतेस? घरी नेऊन गाईला घालशील. सरळ सांग ना, पाटलाच्या चुलीचं चालत नाही म्हणून.”

“बेटा, असं नाही.”

“मग कसं?”

प्यारीबाईंनी एकदा आईकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि गप्प राहिल्या. त्या गप्प का राहिल्या हे तेव्हा कळलं असतं तर मी मध्ये पडले असते. एरवी नको तिथे तोंड घालते, आणि तेव्हा नेमकी ताटली उचलायला वाकले.

“आमचं घर बाटलेलंच वाटतं तर येऊ नकोस पुन्हा,” शिखा म्हणाली.

जिभेला हाड नसतं म्हणतात. ज्याला लागतं त्यालाच ते जाणवतं. प्यारीबाईंनी रुमालाची गाठ पर्समध्ये ठेवली, आईला हात जोडले, आणि शिखाच्या डोक्यावर हात ठेवायला गेल्या तर ती बाजूला झाली. अल्पनाची स्कूटी येईपर्यंत त्या ओसरीवर एकट्या उभ्या राहिल्या. मी पाणी नेऊन दिलं, तेही त्यांनी नुसतं हातात धरलं.

संध्याकाळी आई दिव्याची वात वळत बसली होती. स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली, “सकाय पुनीव शे. देवीले नारय लई जानं पडी.” आणि मग वात तशीच हातात धरून तिने मान वर केली. “शिखा, सकाय पुनीव, मंग आज चवदस ना वं? तुन्ही माय चवदसले हिरवं खास का?”

शिखा खुर्चीवर बसली ती बसलीच.

चवदशीला, आठमीला, पाचमीला त्यांच्याकडे हिरवी भाजी खात नाहीत. हे तिला पाठ करावं लागलं नव्हतं. माहेरी त्या दिवशी भाजीच घरात यायची नाही. मूग, बेसन, पापडाची भाजी ताटात दिसली की पोरांना कळायचं आज तिथी आहे. आमच्याकडे तिथी ताटात दिसत नाही. झुकिनी चवदशीलाही तोडावी लागते. तीन वर्षं रोज हिरवी भाजी चिरून तिचे हात चवदस विसरून गेले होते. अंडं आठवलं, पाणी आठवलं, सूर्य आठवला, आणि नेमकं हेच राहिलं.

आणि प्यारीबाई बोलल्या नाहीत, कारण बोलल्या असत्या तर सासूसमोर आणि नणंदेसमोर मुलीची चूक दाखवल्यासारखं झालं असतं. मला त्या बाईचा रागही आला. एक शब्द बोलली असती तर आम्ही काय हिला फाशी देणार होतो? आई तर हसून विसरली असती. पण मुलीला सासरी खाली मान घालायला लावायची नाही हाही त्यांचा एक नियमच असावा.

शिखाने मम्मीला फोन लावला. बंद. मग वहिनीला लावला. अल्पनाने उचलला आणि सांगितलं, मम्मी जैन स्थानकात पक्खी प्रतिक्रमणाला बसल्यात. दर चवदशीला संध्याकाळी हे असतं. पंधरवड्यात जे कोणाचं मन दुखवलं असेल त्याची जगातल्या सगळ्या जीवांकडे क्षमा मागायची. शिखा म्हणाली, “वहिनी, मम्मीला सांग, तो मफिन टाकून दे. खाऊ नको म्हणावं. माझी चूक होती.” अल्पना बरं म्हणाली. घरी आल्यावर प्यारीबाई न बोलता झोपायला गेल्या, तेव्हा अल्पनाला वाटलं सकाळी सांगू.

सकाळी शिखाने पुन्हा फोन केला तो प्यारीबाईंनीच घेतला. तिने फोन ओट्यावर ठेवून स्पीकर लावला. ती काही बोलायच्या आत तिकडून आवाज आला, “खा लियो, बेटा. घणो चोखो हो.” फार छान झाला होता म्हणे.

खाल्ला. सकाळी उठून, नवकार मंत्र म्हणून, रात्र ओलांडलेला, ओला मफिन त्या बाईने खाल्ला होता. लहानपणापासून वासी कधी जिभेला लागलं नव्हतं ते लागलं, मुलगी म्हणाली गाईला घालशील म्हणून.

शिखा फोनवर रडत राहिली. “मम्मी, का खाल्लास ग, का खाल्लास,” एवढंच. तिला जे हवं होतं ते झालं होतं, मम्मीने तिच्या हातचं खाल्लं होतं. असं मिळण्यापेक्षा न मिळालेलं बरं होतं.

पुढचं अल्पनाकडून कळलं. प्रायश्चित्त म्हणून प्यारीबाईंनी दुसऱ्या दिवशी उपवास धरला. त्याच दिवशी शेठ परत आले. आज तिथी नाही, उपवास कशाचा, त्यांनी विचारलं. प्यारीबाईंना खोटं बोलता येत नाही, हा त्यांचा गुण म्हणा की दोष. त्यांनी सगळं सांगितलं. शेठ ओरडले नाहीत. ते म्हणाले, “जायचं तर जा, मी अडवत नाही. पण त्या घरचं काही तोंडात घालणार नाही असा नियम घे.”

प्यारीबाईंनी हात जोडून नियम घेतला. जाणं हवं होतं म्हणून खाणं सोडलं.

मला शेठचा राग येतो, अजूनही येतो. पण राग येऊन काय उपयोग? बूंद से गयी ती हौदाने येत नाही. प्यारीबाई आता दर पंधरा-वीस दिवसांनी उघडपणे येतात, घरून आणलेली पाण्याची बाटली घेऊन. आई त्यांना ‘याहीन’ म्हणते आणि त्यांच्यासमोर चहा पीत नाही.

परवा आल्या तेव्हा ओट्यावर झुकिनीची पाटी होती. कोणी काही म्हणायच्या आत त्यांनी किसणी ओढून घेतली आणि किसायला बसल्या. शिखाने पंचा पुढे धरला. प्यारीबाईंनी पीळ देऊन देऊन असं पाणी काढलं की आई बघत राहिली. मफिन फुगून आले, वास पसरला, तशा त्या ओव्हनसमोरच्या स्टुलावर बसल्या आणि काचेतून आत बघत म्हणाल्या, “तवा गूळ जराक कमी व्हता.”

“आज वाढवला आहे,” शिखा म्हणाली.

प्यारीबाईंनी मान हलवली. शिखाने पहिला मफिन फोडून मम्मीसमोर धरला, मग तिच्या लक्षात आलं, आणि तिने तो माझ्या हातात दिला.