समाधानाचे पाच तारे

सिद्धगडाच्या पायथ्याला उंबराची वाडी आहे आणि वाडीत एक हातपंप आहे. महिनाभर त्याचा दांडा खाली जायचा, वर यायचा आणि पाण्याऐवजी नुसता खोकल्यासारखा आवाज द्यायचा. वाडीतल्या बायका मग लांबच्या झऱ्यावर जाऊ लागल्या, आणि हंडे जड म्हणून सोबत मुलींनाही न्यायला लागल्या. शाळेच्या एकोणीस मुलांपैकी सात मुली रोज गैरहजर. त्यातच चौथीतली चिमी, जिला भागाकार आत्ता कुठे कळायला लागला होता. कमळाकर गुरुजींना पंपाचं दुःख होतं ते एवढ्यासाठी. पाण्याचं त्यांनी स्वतःपुरतं कसंही भागवलं असतं; भागाकार अर्ध्यावर टाकून हंडा उचलणारी मुलगी त्यांना बघवत नव्हती.

तक्रार त्यांनी केली होती. एकदा नव्हे, चारदा. चारही वेळा ती ‘तक्रारदाराशी संपर्क होऊ शकला नाही’ असा शेरा घेऊन निकाली निघाली. शेरा खराच होता. वाडीत रेंज नाही. रेंज आहे ती वर कातळावर, पंचवीस मिनिटांच्या चढावर. शाळेच्या वेळात गुरुजी कातळावर बसून राहत नाहीत, मुलांना शिकवत बसतात, हा दोष त्यांचाच.

अशात तक्रार-निवारण कक्षाने शहापूरला कार्यशाळा भरवली. मुरबाड आणि शहापूर अशा दोन्ही तालुक्यांतल्या तक्रारदारांना बोलावणं होतं. विषय होता ‘संस्था आणि संवाद’. गुरुजी धसईहून एसटीने मुरबाडला आणि तिथून किन्हवलीमार्गे शहापूरला पोचले.

कक्षाचे संवाद समन्वयक स्वरूप सर तरुण आणि अतिशय नम्र होते. त्यांनी पडद्यावर एक आकृती दाखवली. वरच्या चौकटीतून खाली निळे बाण, खालच्या चौकटीतून वर हिरवे बाण. “संस्था म्हणजे इमारत नव्हे,” ते म्हणाले, “संस्था म्हणजे संवाद.” गुरुजींना वाक्य आवडलं. त्यांनी ते वहीत लिहून घेतलं आणि हात वर केला.

“हा हिरवा बाण आमच्या वाडीत कुठून सुरू होतो?”

“तुमच्या मोबाइलपासून, सर.”

“तिथे रेंज नाही.”

“छान मुद्दा,” स्वरूप सर म्हणाले. त्यांनी तो पिवळ्या चिठ्ठीवर लिहिला आणि ‘छान मुद्दे’ असा मथळा असलेल्या फळ्यावर चिकटवला. तिथे आधीच तीसेक चिठ्ठ्या होत्या. मग त्यांनी तोंडी निरोप कसा बेभरवशाचा असतो आणि पाचव्या माणसापर्यंत जाईतो त्याचं काय होतं, हे समजावलं. म्हणूनच आता नवं अ‍ॅप आलं होतं. मिस्त्री ज्या दिवशी येईल त्या दिवशी बरोबर अकरा वाजता तक्रारदाराच्या फोनवर सहा आकडी कोड येणार. तो पंधरा मिनिटं चालणार. मिस्त्रीच्या फोनमध्ये कोड भरला की काम सुरू. आणि कोड भरायला रेंज लागणार नाही. ही सोय ग्रामीण भागाचा खास विचार करून केलेली होती. कोड यायला रेंज लागते, या गोष्टीचा विचार बहुधा पुढच्या कार्यशाळेत होणार होता.

गुरुजींनी शहापूरलाच त्या अ‍ॅपवर पाचवी तक्रार नोंदवली. कक्षाचा पंढरी मिस्त्री पुढच्या गुरुवारी सकाळी दहाला टेम्पो घेऊन वाडीत आला. पान्हे, रॉड, नवे वायसर, सगळं सामान बरोबर.

“गुरुजी, कोड द्या. कोडबिगर पान्ह्याला हात लावता येत नाय.”

“नाही मिळाला तर?”

“तं मी जातो. तुमची पुढची पाळी दिवाळीनंतर.”

तेव्हा एप्रिल चालू होता. गुरुजींनी हिशेब मांडला. कोड कातळावर येणार, पंधरा मिनिटं जगणार आणि कातळावरून घाईने उतरायलाही वीस मिनिटं लागणार. मुलांना ते अशी गणितं नेहमी घालत; उत्तर न येणारं गणित मात्र त्यांनी कधी घातलं नव्हतं.

शाळेत खिचडी शिजवणाऱ्या भिमीबाई फोन घेऊन कातळाकडे निघाल्या. झऱ्याच्या वाटेवरून सातही मुलींना परत बोलावलं; चिमीला भिमीबाईंबरोबर वर जायचं होतं, आकडे वाचायला. “हंडा कोन उचलंल मंग?” तिची आई बाईजा म्हणाली. गुरुजी म्हणाले, “आज मी उचलतो,” तेव्हा ती हसली आणि तिने मुलीला सोडलं.

बाकीची अठरा मुलं गुरुजींनी उतारावर उभी केली, एकमेकांच्या हाकेच्या अंतरावर. नियम एकच. वरून आलेला आकडा आधी वरच्यालाच मोठ्याने परत म्हणून दाखवायचा. त्याने हात वर केला, की मगच खाली द्यायचा.

अकराला कातळावरून चिमीचा आवाज आला. सात. सात खाली निघाला. मग शून्य. मग चार. मग मधेच सगळं थांबलं.

“काय झालं रे?” गुरुजींनी विचारलं.

“शाम अडलाय,” त्याच्या खालचा पोरगा म्हणाला. “तो बोलतो, चार तं मगाशीच दिला.”

प्रश्न उतारावरून वर गेला. उत्तर वरून खाली आलं: परत चार. शामने तेही परत म्हणून दाखवलं आणि हात वर झाल्यावरच सोडलं. मग एक. मग नऊ. अगदी खाली पहिलीतली कुणाली पाटी घेऊन बसली होती. तिने सहा आकडे लिहिले. पंढरीने भरले. घड्याळात अकरा वाजून नऊ मिनिटं झाली होती.

“लागला,” पंढरी म्हणाला, पण पान्हा न उचलता त्याने फोनच गुरुजींपुढे धरला. “आता येवढा एक दाबा.”

पडद्यावर प्रश्न होता: काम सुरू करण्यापूर्वी कळवा, आमच्याशी संवाद साधणे आपल्याला कितपत सोपे वाटले? खाली पाच रिकामे तारे.

“पाच दाबा, गुरुजी.”

“एक दाबला तर?”

“चौकशी लागते. ती व्हयपर्यंत काम बंद. किन्हवलीकडं एका आज्यानं दोन दिलं, त्याचा पंप तवापासून चौकशीतच हाय.”

गुरुजी पाच की एक करत राहिले, तोवर वीस मिनिटं गेली आणि चिमीसकट सगळी मुलं धापा टाकत खाली येऊन भोवती जमली. चिमी पुढे घुसली आणि सवयीने तिने प्रश्न मोठ्याने वाचला. दिसेल ते वाचायचं, हे गुरुजींनीच शिकवलं होतं.

“सोप्पा व्हता का, गुरुजी?”

गुरुजींनी बत्तीस वर्षं मुलांना एकच सांगितलं होतं. समोरच्याला हवं ते उत्तर लिहू नका, बरोबर असेल ते लिहा. त्यांनी चिमीकडे पाहिलं, बाजूला पडलेल्या हंड्याकडे पाहिलं आणि पाच तारे दाबले.

दुपारी दोनला पंपाला पाणी आलं. सोमवारी एकोणीसच्या एकोणीस मुलं हजर होती. गुरुजींनी हजेरी दोनदा घेतली, नुसती ऐकायला बरी वाटली म्हणून.

दहा दिवसांनी कक्षाचं पत्र आलं. वाडीचं अभिनंदन केलेलं होतं. रेंज नसतानाही संवाद अत्यंत सोपा असल्याचं खुद्द तक्रारदारानेच कळवल्यामुळे उंबराच्या वाडीचं नाव ‘संपर्कहीन वाड्या’ या नव्या यादीतून वगळण्यात येत होतं. त्या यादीतल्या वाड्यांना मिस्त्री दर सहा महिन्यांनी तक्रारीशिवाय भेट देणार होता. ती भेट आता या वाडीला लागू नव्हती. वाडीचं उदाहरण पुढच्या कार्यशाळेत दाखवलं जाणार होतं.

गुरुजींनी पत्र वर्गात वाचलं. अवघड शब्द फळ्यावर लिहून समजावले.

“म्हंजे पंप परत बिघडला तं कोन नाय येनार?” शामने विचारलं.

“आपणहून नाही येणार.”

चिमी म्हणाली, “तुमी खोटा उत्तर दिला व्हता, गुरुजी.”

“हो.”

“पन पाणी तं खरा आला.”

“पाणी खरं आहे. उत्तर खोटं होतं.”

“मंग आता खरा द्या. पंप झाला ना आता.”

इतकं सरळ गुरुजींना दहा दिवसांत सुचलं नव्हतं. त्यांनी प्रत्येकाला अर्धा कागद दिला, प्रश्न फळ्यावर लिहिला आणि सांगितलं, “ज्याला जसं वाटलं तसे तारे काढा. एकमेकांचं बघायचं नाही.”

बहुतेकांनी एक काढला. शामने अर्धा काढला आणि अर्धा कसा काढायचा यावर पुष्कळ खाडाखोड केली. चिमीने एकही न काढता खाली लिहिलं, ‘आधी रेंज द्या मग विचारा.’ कुणालीने पाच काढले, कारण तिला उन्हात उभं राहावं लागलं नव्हतं. तिने बसून फक्त सहा आकडे लिहिले होते. तिचाही कागद गुरुजींनी पाकिटात घातला. सगळ्यांच्या वर स्वतःचा ठेवला. त्यावर एक तारा होता, आणि खाली लिहिलं होतं की आधीचे पाच मी पंप दुरुस्त व्हावा म्हणून दिले होते, ते चूक होते, वाडीचं नाव पुन्हा यादीत घ्यावं. मग सही केली आणि पाकीट धसईच्या पोस्टात टाकायला स्वतःच निघाले.