आडवी ठेवलेली सियेता

नोएलियाने पडवीत जमिनीवर पडलेली सियेता, फुलांच्या मिरवणुकीत पाठीवरून न्यायची चौकट, एकटीने उचलून भिंतीला उभी केली, दोन पावलं मागे सरली आणि कमरेवर हात ठेवून बघत राहिली.

शेवंती जागेवर होती. कार्नेशन, निळी आगापांतो, सगळं काल संध्याकाळी तिने आणि बाबांनी लाकडी चौकटीवर बांधलं होतं तसंच. पण वर पंख्यासारखे पसरलेले ग्लॅडिओलाचे दांडे झाडून सगळे शेंड्याशी वाकले होते. चौकटीपासून दूर, बाहेरच्या अंगाला. ही पाठीवर घेऊन कोणी मेदेयिनच्या रस्त्यावरून चाललं असतं, तर मागून येणाऱ्या माणसाला फुलं बोट दाखवताहेत असंच वाटलं असतं.

"दुबान."

धाकटा भाऊ अर्धा खाल्लेला अरेपा, मक्याची जाड भाकरी, हातात घेऊन स्वयंपाकघरातून बाहेर आला. तो खाली शहरात मोबाइलच्या दुकानात काम करायचा. वर डोंगरात सांता एलेनाला घरी यायचा तो फुलांच्या मिरवणुकीच्या आदल्या संध्याकाळी.

"ही आडवी कोणी ठेवली?"

"कधी?"

"रात्री. मी झोपायला गेले तेव्हा घोडीवर उभी होती. आता बघते तर जमिनीवर उताणी."

दुबानने सियेतेकडे पाहिलं, मग पडवीच्या टोकाला बाकावर बसलेल्या बाबांकडे. लिबार्दो पेल्यातल्या गुळाच्या पाण्यावर फुंकर घालत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"मीच ठेवली असेन," दुबान म्हणाला.

"असेन म्हणजे? झोपेत ठेवलीस?"

"वारा होता, ताई. पडेल असं वाटलं."

"तिन्ही बाजूंनी बंद पडवी, आणि वारा."

"फुलं ताजी आहेत ना? मग झालं तर. आणि उजेडाकडे वळली म्हणावं, तर रात्रभर दिवाही बंद होता."

"उजेडाचा इथे काय संबंध?" नोएलियाने एक दांडा बोटात धरून शेंडा त्याच्या नाकासमोर आणला. "याच्या आत बारीक कण असतात, वाळूसारखे. दांडा आडवा केला की ते खालच्या अंगाला जाऊन बसतात. मग खालचं अंग भराभर वाढतं, वरचं मागे पडतं आणि शेंडा वर उचलला जातो. मिट्ट अंधारात ठेव, खोक्यात ठेव, कापून ठेव, वर कुठे आहे ते याला बरोबर कळतं. तुला कळत नाही."

"ग्लॅडिओलाला माझ्यापेक्षा अक्कल आहे, हे तू दरवर्षी सांगतेस."

"कारण तू दरवर्षी येतोस."

ती बाबांकडे वळली. ग्लॅडिओला उभाच ठेवायचा, बादलीत, टोपलीत, ट्रकमध्ये, कुठेही उभाच, हे तिला त्यांनीच शिकवलं होतं. सात वर्षांची असताना तिने एक जुडी ओट्यावर आडवी टाकली, तेव्हा दिवसभर ते तिच्याशी बोलले नव्हते.

"बाबा, तुम्ही काही बोलणार आहात का याला?"

"होतं असं कधीकधी," लिबार्दो म्हणाले. "लांबून दिसत नाही."

नोएलियाने डोळे मिटले आणि उघडले. तिच्या हातून झालं असतं तर लांबून दिसलं असतं. मिरवणुकीतली जागा बाबांच्या नावावर होती, त्यांच्या वडिलांकडून आलेली, आणि पुढे ती कोणाकडे जाणार हे त्यांनीच सांगायचं होतं. लावणी तिची, खुरपणी तिची, पहाटेची तोड तिची. तिने विचारलं की उत्तर ठरलेलं असायचं: पुढच्या वर्षी बघू. आणि वर्षातून एक रात्र मुक्कामाला येणाऱ्या भावाने घराण्याची सियेता वाकडी करून ठेवली, तर होतं असं कधीकधी.

तिने खिळ्यावरची कात्री घेतली आणि शेंडे खुडायला सुरुवात केली. शेंड्याच्या मिटल्या कळ्या गेल्या की वाक निम्मा तरी लपतो.

"शेंडा नसलेला ग्लॅडिओला म्हणजे तुरा नसलेला कोंबडा," लिबार्दो बाकावरून म्हणाले.

"वाकड्या तुऱ्याच्या कोंबड्यापेक्षा बरा."

"माझ्या वडिलांनी कधी फुलाला कात्री लावली नाही."

"त्यांना दुबान नव्हता." तिने भावाकडे न बघता हात पुढे केला. "दांडा धर. असा नाही. खालून. राहू दे, तू नकोच धरूस."

दुबानने निमूट दांडा सोडला आणि जमिनीवर पडलेल्या कळ्या गोळा करू लागला. एरवी तो एवढं ऐकून घेणारा नव्हता. त्यानेही तिची चिडचिड वाढलीच.

ट्रकचा हॉर्न वाजला तेव्हा चारपाच दांडे राहिलेच होते. सियेतेरोंच्या, म्हणजे सियेता वाहणाऱ्यांच्या, संघाचा ओक्ताव्हियो फाटकातून आत आला.

"लिबार्दोकाका, चला. खालच्या आळीचे सगळे चढले." त्याची नजर सियेतेवर गेली. "हे काय, फुलांची हजामत केली?"

"तू गाडी चालव," नोएलिया म्हणाली.

लिबार्दोंनी पेला ठेवला, टोपी काढून दुबानकडे दिली आणि सियेतेला पाठ लावून बुटक्या स्टुलावर बसले. या घराची एक रीत होती. घरातून ट्रकपर्यंत सियेता स्वतःच्या पाठीवरच न्यायची. जो अंगण ओलांडू शकत नाही तो शहर काय ओलांडणार, असं त्यांचे वडील म्हणायचे. लिबार्दोंनी घायपाताचे पट्टे खांद्यांवर घेतले, रुंद पट्टा कपाळावर बसवला आणि दोन्ही तळवे गुडघ्यांवर रोवले.

नोएलिया नेहमीसारखी मागे उभी राहिली. तळाच्या फळीखाली हात द्यायचा तो नुसता तोल सांभाळायला. दरवर्षी फळी तिच्या बोटांवरून आपोआप वर निघून जायची.

"हं," लिबार्दो म्हणाले.

त्यांचे गुडघे सरळ होऊ लागले, पाठ वर आली. फळी मात्र तिच्या तळव्यांवरच होती. वजन सगळं तिथेच येत होतं, कुठेही जात नव्हतं. तिने थोडी उचलली की ते थोडे उठत. ती थांबली की तेही थांबत. कपाळावरचा पट्टा ताठ झाला होता आणि मानेच्या शिरा फुगल्या होत्या.

तिने दुबानकडे पाहिलं. तो जमिनीकडे बघत होता. टोपी त्याने कधीच बाकावर ठेवून दिली होती आणि दोन्ही हात झेलायला घेतल्यासारखे पुढे आले होते, जणू रात्री त्याने हे एकदा पाहिलं होतं.

नोएलियाने सियेता हळूच परत खाली टेकवली. लिबार्दो स्टुलावर बसले. त्यांनी मागे वळून पाहिलं नाही.

"काय झालं?" ओक्ताव्हियोने विचारलं.

"काय व्हायचंय? या शहाण्याने रात्री आडवी टाकली. फुलांच्या बुडाशी भरलेल्या शेवाळातलं सगळं पाणी पट्ट्यांत मुरलं, पट्टे ताणले. बाबांच्या पाठीला बसत नाहीत आता."

"मग आवळ की."

"तेवढे आवळत नाहीत."

ओक्ताव्हियोने पट्ट्यांकडे पाहिलं. ते कोरडे होते. मग त्याने लिबार्दोंकडे पाहिलं आणि टोपी मागे सारून कपाळ खाजवलं.

"ओल धरली की ताणतातच," तो म्हणाला. "मग खाली मिरवणुकीत नाव कोणाचं सांगू?"

रस्त्यावरून ट्रकमधल्या बायकांचं हसणं ऐकू आलं. लिबार्दोंनी कपाळावरचा पट्टा काढला, खांद्यावरच्या पंच्याने तोंड पुसलं.

"ही माझ्याहून वीतभर उंच आहे," ते म्हणाले. "हिला बसतील."

"यंदापुरतं?" नोएलियाने विचारलं. आवाज तिने नेहमीचाच ठेवला, करवादलेला.

"ताणलेला पट्टा परत आखडतो होय?" ते तितकेच वैतागून म्हणाले. "जा, आईचा घागरा घालून ये. पेटीत आहे."

"चुरगळलेला असेल."

"असू दे. लोक फुलं बघतात."

"ही फुलं?"

"जातेस का आता?"

ती घागरा घालून आली आणि स्टुलावर बसली. लिबार्दोंनी तिच्या खांद्यांवरचे पट्टे बसवले, एकदा खेचून पाहिले, कपाळावरचा पट्टा केसांवरून जरा खाली ओढला. ती उठली. वजन मानेतून कमरेत आणि कमरेतून टाचांत उतरलं. ती अंगणात चालू लागली. मागून, तिच्या डोक्यावरून, उरलेले चारपाच वाकडे शेंडे बापलेकांकडे रोखलेले होते.

ओक्ताव्हियो फाटक धरून उभा होता. त्याला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने लिबार्दो मुलाला म्हणाले,

"आणि तू. पुन्हा रात्री सियेतेला हात लावलास तर याद राख."

"चुकलं, बाबा," दुबान म्हणाला.