कुसाबाईंचा डबा

मखमलाबादच्या मळ्यातली पाहुण्यांची खोली योगिनीने पर्यटनाच्या पदवीला साजेशी सजवली होती. वेताचा झोपाळा, स्वागताचे सरबत, छायाचित्रासाठी झेंडूची कमान. पाहुणे येत, मनापासून वाखाणत आणि पुन्हा फिरकत नसत.

"दिवाळीपर्यंत एक तरी पाहुणा दुसऱ्यांदा येऊ दे," तिचा नवरा शेखर म्हणाला होता, "नाहीतर तिथं ठिबकच्या नळ्या ठेवू. त्या दरवर्षी शेतातून परत तरी येतात."

योगिनीला संकोच वाटे तो सासूबाईंचा. निघालेल्या पाहुण्यांना कुसाबाई स्टीलच्या डब्यात शेंगदाण्याची चटणी देत आणि बजावत, "नाव कोरलंय त्यावर माझं. डबा परत पायजे."

"आई, पाहुण्यांना असं दटावतात का?" म्हणत योगिनीने उन्हाळ्यात प्लास्टिकचे डबे आणले. "हे परत करायची गरज नाही," असे ती पाहुण्यांना हसून सांगू लागली. पाहुण्यांनी तिचा शब्द तंतोतंत पाळला.

दिवाळीच्या तोंडावर अकोल्याच्या साधनाताई यजमानांसह दारात उभ्या राहिल्या. गेल्या हिवाळ्यात ती दोघे राहून गेली होती.

"झोपाळ्याची आठवण झाली ना?" योगिनीने आशेने विचारले.

"झोपाळा होता का?" साधनाताई गोंधळल्या. त्यांनी पिशवीतून स्टीलचा डबा काढला. "हे रोज चहाच्या वेळी यावरचं नाव मोठ्याने वाचतात आणि विचारतात, कुसाबाईंकडे कधी जायचं? बरं, रिकामा डबा कसा परत करणार? कुरिअरने पाठवला असता, तर लाडवांचा चुरा झाला असता."

कुसाबाईंनी उभ्या उभ्याच लाडू चाखला. "लय उशीर केला, बाई. अन् रवा कच्चा राह्यलाय."

"मग शिकवा की!"

ती दोघे मुक्कामाला राहिली. दोन्ही दिवस झोपाळा रिकामा होता. चुलीपाशी मात्र बसायला जागा नव्हती. शेखरने नळ्या मुकाट्याने गोठ्यात नेऊन ठेवल्या.

निघायच्या वेळी योगिनीने प्लास्टिकचा डबा हातात घेतला, थबकली आणि आत गेली. माहेरहून आलेला, तिचे नाव कोरलेला पितळी डबा तिने चटणीने भरून आणला. साधनाताईंना तो देताना तिची बोटे लवकर सुटेनात.

"हा परत हवाय हं," ती घाईघाईने म्हणाली. "नक्की."

"अगं," मागून कुसाबाई म्हणाल्या, "पाहुण्यांना असं दटावतात का?"